एएफ असलेल्या रुग्णाला पुन्हा स्ट्रोक येण्याचा धोका: स्कोअर कितपत धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७१ वर्षांचे. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार, पुढे नुसतं एएफ म्हणतो), बीपी आणि मधुमेह आधीपासूनचे. तीन आठवड्यांपूर्वी स्ट्रोक आला, हातापायातली ताकद बरीच परत आली आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘चाड्स-व्हास्क ५’ (एएफमध्ये स्ट्रोकचा धोका मोजणारा स्कोअर) असं लिहिलं आहे. इंटरनेटवर एका तक्त्यात ५ म्हणजे वर्षाला ६.७ टक्के धोका, दुसऱ्यात ७.२ टक्के. यातला खरा कोणता, आणि याहून नेमका अंदाज बांधता येतो का?

दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण तुमच्या वडिलांना त्यातला एकही लागू होत नाही. हे दोन्ही तक्ते रक्त पातळ करणारी गोळी न घेणाऱ्या रुग्णांवरून काढलेले आहेत. एएफ आणि त्यात स्ट्रोक येऊन गेलेला, अशा रुग्णाला ती गोळी आज जवळपास नेहमीच दिली जाते. त्यामुळे तक्त्यातली परिस्थिती मुळातच उरत नाही.

आधी ५ कसे झाले ते पाहू. हार्ट फेल्युअर किंवा हृदयाची पंपशक्ती कमी असेल तर १ गुण, बीपी १, वय ७५ किंवा जास्त असेल तर २, मधुमेह १, आधी स्ट्रोक, टीआयए (थोड्या वेळात आपोआप ओसरणारा छोटा झटका) किंवा शरीरात इतरत्र गुठळी जाऊन अडकलेली असेल तर २, रक्तवाहिन्यांचा आजार (हार्ट अटॅक येऊन गेलेला, पायाच्या धमन्या अरुंद, महाधमनीत चरबीचे थर) १, वय ६५ ते ७४ असेल तर १ आणि स्त्री असल्यास १. कमाल ९. वडिलांच्या वयाचा १, बीपीचा १, मधुमेहाचा १ आणि स्ट्रोकचे २. युरोपियन हृदयरोग संघटनेने २०२४ मध्ये स्त्री असण्याचा गुण काढून टाकला. त्यामुळे एकाच बाईंच्या दोन कागदांवर एका गुणाचा फरक दिसला, तर आजार वाढला असं समजू नका.

हा स्कोअर ज्या कामासाठी बनला ते काम वेगळं होतं. एएफ आहे पण स्ट्रोक आलेला नाही, अशा लोकांतून खरोखर कमी धोक्याचे कोण, ज्यांना गोळी न देताही चालेल, हे शोधण्यासाठी तो २०१० मध्ये मांडला गेला. मूळ अभ्यासात १,०८४ रुग्ण होते आणि वर्षभरात गुठळीच्या घटना घडल्या अवघ्या २५. पंचवीस घटना दहा गटांत वाटल्यावर प्रत्येक गटाची टक्केवारी किती डळमळीत असेल याचा विचार करा. ६.७ तिथून आला. ७.२ आला तो स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींतल्या, गोळी न घेणाऱ्या सुमारे ९० हजार रुग्णांवरून. तो पाया जास्त भक्कम आहे, पण तीही सरासरीच.

स्कोअर माणसामाणसांत फरक किती ओळखतो, तेही पाहायला हवं. एक स्ट्रोक आलेला आणि एक न आलेला, अशा जोड्या लावल्या तर १०० पैकी साधारण ६० ते ६५ जोड्यांत स्ट्रोक आलेल्याचा स्कोअर जास्त निघतो. नाणं उडवलं असतं तरी ५० आले असते. आणि ज्यांना आधीच स्ट्रोक येऊन गेला आहे त्या सर्वांना सुरुवातीलाच २ गुण मिळालेले असतात, म्हणजे गोळीची गरज आहे हा निर्णय तिथेच झाला. पुढे ४ आहे की ६, यावर उपचारात फारसं काही बदलत नाही. कार्डावरचा तो ५ म्हणजे गोळी का चालू केली याची नोंद आहे, एवढंच समजा.

मग धरायचे आकडे कोणते? १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपियन चाचणीत एएफ असलेले आणि नुकताच छोटा स्ट्रोक किंवा टीआयए झालेले रुग्ण घेतले होते, म्हणजे तुमच्या वडिलांसारखेच. गोळी नसताना पुन्हा स्ट्रोक वर्षाला सुमारे १२ टक्के लोकांना आला, वॉरफरिनसारख्या औषधावर सुमारे ४ टक्के लोकांना. २०११ च्या चाचणीत अपिक्साबॅन आणि ॲस्पिरिन यांची तुलना झाली. त्यातल्या आधी स्ट्रोक किंवा टीआयए झालेल्या गटात वर्षाला ॲस्पिरिनवर सुमारे ९.२ टक्के, अपिक्साबॅनवर २.४ टक्के. संपूर्ण चाचणीत मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं (१.४ आणि १.२ टक्के). ‘वय झालंय, साधी ॲस्पिरिन बरी’ असं अजूनही ऐकू येतं. ते चूक आहे. एएफमध्ये ॲस्पिरिनने संरक्षण थोडंसं मिळतं आणि वयस्कर माणसात रक्तस्राव मात्र फारसा कमी होत नाही.

वर्षाची टक्केवारी पाच वर्षांसाठी नेताना सरळ गुणाकार करू नका. वर्षाला ८ टक्के म्हणजे पाच वर्षांत ४० नव्हे, सुमारे ३४ टक्के. कारण दरवर्षी उरलेल्यांवर हिशोब होतो. शिवाय वयस्कर रुग्णांत काही जण दुसऱ्या कारणाने जातात, तेव्हा बहुतेक कॅल्क्युलेटर प्रत्यक्षापेक्षा जास्त धोका दाखवतात. उलट पहिल्या काही दिवसांत धोका सरासरीपेक्षा बराच जास्त असतो. एएफमुळे आलेल्या स्ट्रोकनंतर पहिल्या दोन आठवड्यांत औषध नसेल तर दररोज सुमारे अर्धा ते सव्वा टक्का, असा अंदाज जुन्या अभ्यासांवरून धरला जातो.

म्हणूनच गोळी कधी सुरू करायची हा खरा वादाचा मुद्दा होता. घाई केली तर मेंदूच्या सुजलेल्या भागात रक्तस्राव होईल, उशीर केला तर दुसरी गुठळी सुटेल. २०२३ च्या ‘एलान’ चाचणीत एमआरआय-सीटीवरचा डाग (स्ट्रोकने इजा झालेला मेंदूचा भाग) किती मोठा यावरून वेळ ठरवली. लहान आणि मध्यम डागांना ४८ तासांत, मोठ्याला सहाव्या-सातव्या दिवशी. तुलनेला जुनी पद्धत, म्हणजे लहानला तिसऱ्या-चौथ्या, मध्यमला सहाव्या-सातव्या आणि मोठ्याला १२ ते १४ व्या दिवशी. ३० दिवसांत पुन्हा गुठळीचा स्ट्रोक लवकर गटात १.४ टक्के, उशिराच्या गटात २.५ टक्के. मेंदूतला त्रासदायक रक्तस्राव दोन्हीकडे ०.२ टक्के. तुमच्याकडे तीन आठवडे उलटले आहेत. डिस्चार्ज कार्डावर अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रॅन, एडोक्साबॅन, वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमारॉल यांपैकी एकही नाव नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच फोन करून विचारा. कधीकधी ‘दोन आठवड्यांनी सुरू करू’ असं ठरतं आणि ते कागदावर उतरतच नाही. न देण्यामागे कारणही असू शकतं (डागात रक्त उतरलं असेल, पोटातून रक्तस्राव झाला असेल), पण मग ते कारण आणि पुढची तारीख लिहिलेली हवी.

आता अंदाजाचा महत्त्वाचा भाग. पुन्हा स्ट्रोक येईल का हे पहिला स्ट्रोक कशामुळे आला यावर सर्वांत जास्त अवलंबून असतं. एएफ आहे म्हणजे स्ट्रोक एएफमुळेच आला, हे गृहीत धरणं ही नेहमीची घसरगुंडी. ७१ वर्षांच्या, बीपी आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या मानेतल्या धमनीतही अडथळा असू शकतो, मेंदूतल्या बारीक धमन्याही खराब असू शकतात. एमआरआयमध्ये एकाच वेळी दोन वेगवेगळ्या धमन्यांच्या क्षेत्रात ताजे डाग असतील, किंवा पृष्ठभागाजवळ पाचरीच्या आकाराचा डाग असेल, तर संशय हृदयातून सुटलेल्या गुठळीवर. मेंदूच्या खोल भागात दीड सेंटिमीटरपेक्षा लहान एकच डाग असेल, तर बारीक धमनीवर. सगळे डाग एकाच बाजूला आणि त्याच बाजूची मानेतली धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असेल, तर ती धमनी साफ करायची शस्त्रक्रिया किंवा स्टेंट याचा विचार आधी. तो शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत व्हायला हवा. गोळी कितीही चांगली असली तरी ते अरुंद तोंड ती उघडत नाही. तेव्हा फाइलमध्ये मानेच्या धमन्यांची डॉपलर किंवा सीटी अँजिओग्राफी आहे का ते आधी बघा. एएफ आधीच माहीत असलेल्या रुग्णांत हीच तपासणी राहून जाते, कारण ‘कारण सापडलं’ असं सगळ्यांना वाटलेलं असतं.

हृदयाच्या बाजूने एको (हृदयाची सोनोग्राफी) पाहताना तीन गोष्टी वाचा: पंपशक्तीचा टक्का, डाव्या अलिंदाचा (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याचा) आकार आणि झडपा. झडपांच्या एएफचे रुग्ण सोडले, तर एएफमधल्या जवळपास ९० टक्के गुठळ्या डाव्या अलिंदाच्या पिशवीसारख्या खिशात तयार होतात. घशातून केलेल्या एकोत त्या खिशातला प्रवाह सेकंदाला २० सेंटिमीटरच्या खाली गेला असेल किंवा रक्त धुरासारखं घोळताना दिसत असेल, तर धोका सरासरीपेक्षा जास्त. चाड्स-व्हास्कमध्ये यातलं काहीच मोजलं जात नाही. एबीसी नावाचा दुसरा स्कोअर वय आणि आधीचा स्ट्रोक यांच्या जोडीला रक्तातलं ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयाची इजा आणि ताण दाखवणारे घटक) धरतो. त्याचा अंदाज थोडा बरा येतो, पण तुमच्या वडिलांचं औषध त्यानेही बदलणार नाही. त्या चाचण्या फक्त स्कोअरसाठी मुद्दाम करू नका.

मायट्रल झडप मध्यम किंवा जास्त अरुंद असेल, किंवा धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर वरचं गणित सोडून द्या. तिथे चाड्स-व्हास्क वापरतच नाहीत आणि नवीन गोळ्याही (अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रॅन, एडोक्साबॅन) चालत नाहीत. धातूच्या झडपेत डॅबिगॅट्रॅन वापरून पाहिलेली, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मधेच थांबवावी लागली होती. संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या एएफच्या रुग्णांत २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुनी औषधं सरस ठरली. अशांना वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमारॉलच. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) साधारण २ ते ३. मायट्रल जागी धातूची झडप असेल तर २.५ ते ३.५. आयएनआर २ च्या खाली गेल्यावर धोका किती चढतो याची कल्पना असू द्या: २ च्या तुलनेत १.७ ला स्ट्रोकची शक्यता सुमारे दुप्पट, १.५ ला तिपटीहून जास्त. एखादा आयएनआर १.८ आला की ‘जवळच आहे’ म्हणून सोडून देतात, ते बरोबर नाही.

नवीन गोळीवर असाल, तर धोका वाढतो तो बहुतेक वेळा डोसमधल्या चुकीने किंवा चुकलेल्या गोळ्यांनी. डोस ठरवताना मूत्रपिंडाची शक्ती सूत्राने काढतात: १४० मधून वय वजा करा, त्याला किलोतल्या वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) याने भागा, स्त्री असल्यास आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणा. ७८ वर्षांच्या, ५० किलोच्या, क्रिएटिनिन १.१ असलेल्या बाईंचं उत्तर ३३ येतं. रिपोर्टवर मात्र क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ छापलेलं असतं! याच बाईंना रिव्हारोक्साबॅन २० ऐवजी १५ मिलिग्रॅम, एडोक्साबॅन ६० ऐवजी ३० मिलिग्रॅम. अपिक्साबॅन मात्र पूर्ण ५ मिलिग्रॅम दोनदा. कारण अपिक्साबॅनचा नियम वेगळा आहे: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन असतील तरच २.५. बाईंच्या बाबतीत वजन हे एकच लागू होतं. ‘वय झालंय, नाजूक आहेत’ म्हणून अर्धा डोस देणं ही सर्रास चूक आहे. त्यात संरक्षण घटतं आणि रक्तस्राव त्या प्रमाणात कमी होईलच असं नाही. डोस आपल्या मनाने बदलू नका; हे गणित कागदावर मांडून डॉक्टरांपुढे ठेवा. क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि वजन वर्षातून किमान एकदा, पंच्याहत्तरी उलटली असेल किंवा मूत्रपिंड अशक्त असेल तर चार-सहा महिन्यांनी तपासा.

घ्यायची रीतही महत्त्वाची. रिव्हारोक्साबॅनची १५ किंवा २० ची गोळी पोटभर जेवणासोबतच घ्यायची. २० ची गोळी उपाशीपोटी घेतली तर औषधाचा सुमारे एकतृतीयांश भाग वायाच जातो. डॅबिगॅट्रॅनची कॅप्सूल फोडून किंवा नळीतून देऊ नका, औषध प्रमाणाबाहेर रक्तात उतरतं. आणि ती मूळ वेष्टनातच ठेवा, कारण दमट हवेत ती खराब होते. आठवड्याच्या खणांच्या डबीत ती भरून ठेवणं याच कारणाने चुकीचं. नव्या गोळ्यांचा असर जेमतेम दिवसभर टिकतो. वॉरफरिनची एक गोळी राहिली तर निभावतं, यांचे दोन डोस राहिले की संरक्षण जवळपास संपतं. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी राहिली तर सहा तासांच्या आत, एकदाची असेल तर बारा तासांच्या आत घेता येते. त्यानंतर ती सोडून पुढची वेळेवर घ्यायची, दुप्पट नाही. दात काढायचा आहे किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे म्हणून परस्पर आठवडाभर गोळी बंद करणं हे पुन्हा स्ट्रोक येण्याचं एक टाळता येण्याजोगं कारण. बऱ्याच छोट्या प्रक्रियांसाठी गोळी बंद करावी लागत नाही, किंवा एखाद-दुसरा डोस वगळला की पुरतं. फिटवरची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन ही औषधं नव्या गोळ्यांची रक्तातली पातळी उतरवतात. स्ट्रोकनंतर फिट येऊन फेनिटॉइन सुरू झालं असेल तर हे न विसरता सांगा.

गोळी नीट चालू असूनही स्ट्रोक आला तर? क्रम असा: गोळ्या खरंच घेतल्या होत्या का, हे रिकाम्या पाकिटांवरून मोजा, डोस बरोबर होता का, आडवं येणारं औषध होतं का, मानेची धमनी, बारीक धमन्या, लपलेला कर्करोग किंवा झडपेवरचा जंतुसंसर्ग यांपैकी दुसरं कारण आहे का. यातलं काहीच नसेल तेव्हा गोळी बदलण्याचा विचार होतो, मात्र एका नव्या गोळीवरून दुसरीवर गेल्याने फायदा होतो असा ठोस पुरावा नाही. वरून ॲस्पिरिन जोडण्याचा मोह टाळावा, रक्तस्राव वाढतो. हृदयाच्या धमनीत स्टेंट घातलेला असेल तरी एक वर्ष उलटून प्रकृती स्थिर असल्यास एएफच्या बहुतेक रुग्णांना रक्त पातळ करणारी एकच गोळी पुरते. दोन चालू असतील तर दुसरी कधी थांबणार ते विचारा. रक्तस्रावामुळे ज्यांना गोळी दीर्घकाळ चालणारच नाही, त्यांच्यासाठी अलिंदाचा तो खिसा बंद करण्याचं साधन उपलब्ध आहे. बायपास किंवा झडपेची शस्त्रक्रिया होणारच असेल तर त्याच वेळी खिसा बंद करणं फायद्याचं: २०२१ च्या ‘एलएओएस-३’ चाचणीत स्ट्रोकचं प्रमाण ७ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आलं, आणि त्या रुग्णांपैकी बहुतेकांची गोळी चालूच होती.

कार्डावर ‘हॅज-ब्लेड’ हा रक्तस्रावाचा स्कोअरही असेल. तो ३ किंवा जास्त आला म्हणून गोळी बंद करायची नसते. त्यातलं काय दुरुस्त होईल ते बघायचं: वरचा बीपी १६० च्या वर, हेलकावणारा आयएनआर, दुखण्यावरच्या गोळ्या, दारू. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन या यादीत सर्वांत जास्त सापडते. बीपी १३० आणि ८० च्या खाली ठेवला की स्ट्रोक आणि मेंदूतला रक्तस्राव दोन्ही घटतात, असा दुहेरी फायदा देणारं दुसरं काही नाही. धमन्यांत चरबी असेल तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली.

हृदयरोग आहे पण एएफ सापडलेलंच नाही, अशांसाठी दोन शब्द. ईसीजी दहा सेकंदांचा असतो, येऊनजाऊन असणारं एएफ त्यात निसटतं. कारण न सापडलेल्या स्ट्रोकनंतर कातडीखाली बसवलेल्या छोट्या यंत्राने वर्षभरात १२.४ टक्के रुग्णांत एएफ पकडलं, नेहमीच्या तपासणीने २ टक्क्यांत. एएफ न सापडता ‘असेलच’ म्हणून गोळी देण्याचा फायदा मोठ्या चाचण्यांत दिसला नाही. पेसमेकरला काही मिनिटांचं एएफ दिसलं आणि आधी स्ट्रोक झालेला असेल, तर मात्र गोळीचा लाभ लक्षणीय: ‘आर्टेशिया’ चाचणीच्या त्या गटात वर्षाला ॲस्पिरिनवर ३.१ टक्के, अपिक्साबॅनवर १.२ टक्के. हार्ट अटॅकनंतर डाव्या निलयात (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात) गुठळी दिसली असेल तर साधारण तीन महिने गोळी आणि मग पुन्हा एको. आणि टीआयएनंतरचा एबीसीडी-२ स्कोअर कमी आला म्हणून निश्चिंत होऊ नका, त्यात एएफ मोजलंच जात नाही.

शेवटी एक कागद घरात दाराजवळ लावून ठेवा: औषधाचं नाव, डोस, रोजची वेळ, आणि शेवटची गोळी कधी घेतली ते खूण करायला जागा. तोंड वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, अचानक नीट न दिसणं किंवा तोल जाणं, यातलं काहीही झालं की रुग्णवाहिका बोलवा आणि तो कागद सोबत न्या. नवी गोळी गेल्या ४८ तासांत घेतलेली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा देत नाहीत. नळी घालून गुठळी बाहेर काढण्याचा उपाय मात्र अशा रुग्णातही करता येतो, म्हणून शक्य असेल तर ती सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. ते कुठलं हे आजच विचारून कागदावर लिहा.